कपाळापुरतं पाणी

मराठी ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्म्यासाठी पाणी किती लागावं हे १८१२ साली कलकत्त्यात ठरलं, असं मी गमतीने म्हणतो. गंमत असली तरी तिच्यात तथ्य आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतून तरुण मिशनऱ्यांची एक तुकडी दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाली. सगळे काँग्रेगेशनल पंथाचे, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणारे. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांचे सोबती होते. ते बॅप्टिस्ट. जाणत्या माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मग त्याला पूर्ण पाण्याखाली न्यावं, याखेरीज दुसरा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. त्यांच्याशी गाठ पडणार, वाद होणार, तेव्हा तयारी असलेली बरी म्हणून अडोनायराम जडसन यांनी प्रवासातच नवा करार या एका प्रश्नासाठी पुन्हा तपासायला घेतला. तयारी अंगावर आली. सप्टेंबरात कलकत्त्यात त्यांनी स्वतःच बुडवून बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ लूथर राइस यांनीही. ज्या अमेरिकन बोर्डाने खर्च करून पाठवलं होतं, त्याच्याशी संबंध तोडून जडसन ब्रह्मदेशाकडे गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मतावरून हलले नाहीत, आणि तेच १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभी राहिली, ती पुढे नगरला गेली, नगरहून खेड्यापाड्यांत. माझे आजी-आजोबा, आई-वडील आणि मी, आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आलं ते कपाळापुरतं पाणी.

माझ्या धाकट्या मावसभावाला ही गोष्ट सांगितली की तो हसत नाही. तो म्हणतो, "चुकीची माणसं मुंबईला आली, दादा."

तोही आमच्याच चर्चच्या पाळण्यातला. पण गेली काही वर्षं तो एका नव्या मंडळीत जातो. तिथे त्याने पुन्हा, त्याच्या मते पहिल्यांदाच, बाप्तिस्मा घेतला. आता मीही घ्यावा असा त्याचा आग्रह आहे. "तुझं कपाळ ओलं झालं होतं, तू कोरडाच राहिलास," हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणानंतर लोक विचारतात, आम्ही काय करावं? उत्तर येतं: पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. आधी मन वळायचं, मग पाण्यात उतरायचं. पौल रोमकरांस पत्रात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो, त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं म्हणतो. भाऊ विचारतो, चिमूटभर मातीत कुणाला पुरतात का? आणि तान्ह्या पोराने पश्चात्ताप कशाचा करायचा?

माझं उत्तर त्याला पटत नाही, पण ते असं. मराठीही मला कुणी विचारून दिली नव्हती. घरात होती, कानावर पडली, माझी झाली. पुढे ती नीट वापरायची की नाही, एवढंच माझ्या हातात राहिलं. आमच्या परंपरेत आईवडील आणि मंडळी बाळाच्या वतीने वचन देतात. मूल जाणतं झालं की दृढीकरणाच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून ते वचन स्वतःच्या अंगावर घेतं. लुदिया आणि तिचं घराणं, फिलिप्पैचा तुरुंग-अधिकारी आणि त्याची सगळी माणसं, स्तेफनाचं घराणं, असे घरंच्या घरं बाप्तिस्मा घेतल्याचे उल्लेख नव्या करारात आहेत. त्या घरांत तान्ही मुलं होती की नाही, हे तिथे लिहिलेलं नाही. भाऊ म्हणतो नव्हती, मी म्हणतो असतील. दोघांनाही सिद्ध करता येत नाही, म्हणून हा वाद दोन हजार वर्षं टिकला.

मला प्रेषितांच्या कृत्यांतलीच दुसरी एक जागा जास्त खुणावते. आठव्या अध्यायात कूशी, म्हणजे इथिओपियाचा एक षंढ अधिकारी, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. फिलिप्प त्याच्याशेजारी बसून त्याला अर्थ सांगतो. वाटेत पाणी लागतं. अधिकारी म्हणतो, हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? सर्वांत जुन्या हस्तलिखितांत फिलिप्प याला काहीच उत्तर देत नाही. रथ थांबतो, दोघं पाण्यात उतरतात. ‘तू मनापासून विश्वास धरत असशील तर घेता येईल’ हे सदतिसावं वचन त्या प्रतींत नाही. आजच्या बऱ्याच आवृत्त्या ते कंसात किंवा तळटीपेत देतात. एवढा मोठा प्रश्न विचारला गेला आणि अटच सांगितली नाही, ही गोष्ट कुणातरी नकलनवीसाला फार लवकर खटकली असावी. परदेशी, त्यात षंढ, म्हणजे जुन्या नियमाप्रमाणे देवाच्या मंडळीत ज्याला जागाच नव्हती असा माणूस. त्याने अडचण विचारली आणि समोरच्याला एकही आठवली नाही!

अटी नव्हत्याच असं मात्र नाही. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी पोथी आहे, ख्रिस्ती मंडळीच्या अगदी पहिल्या पिढ्यांतली. तिच्या सातव्या प्रकरणात बाप्तिस्म्याच्या सूचना आहेत. वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर गरम चालेल. दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. म्हणजे ज्या गोष्टीवरून आम्ही मावसभाऊ दर नाताळात भांडतो, ती तिथे चार ओळींत मिटवली आहे. सैल न सोडलेली गोष्ट एकच, उपास. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस आधी उपास करावा. आणि देणाऱ्यानेही करावा, शिवाय आणखी ज्यांना जमेल त्यांनीही.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून माझं या विषयातलं लक्ष पाण्यावरून उडालं. बाप्तिस्म्यासाठी काय लागतं असं विचारलं की आपण घेणाऱ्याकडे बघतो. त्याला वचनं पाठ आहेत का, दारू सोडली का, मन खरंच बदललं का? त्या पोथीने मात्र देणाऱ्यालाही उपाशी ठेवलं. पुढे रोमच्या बाजूच्या मंडळ्यांत तीन तीन वर्षं शिकवून मग बाप्तिस्मा देण्याची चाल पडली. तेव्हाही उमेदवाराला कुणीतरी हाताला धरून आणायचं, त्याची हमी घ्यायची. विचारणा असे ती विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, याची. असल्या गोष्टी सांगायला शेजार लागतो. जो माणूस तुमच्यात वावरला नाही, त्याच्याबद्दल तुम्ही काय साक्ष देणार?

या वादात पुढे जे झालं ते सांगायला लाज वाटते, म्हणून भराभर सांगतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलला आणि ३३७ साली अंथरुणावर घेतला. नंतर पाप करायला वेळ उरू नये, हा तेव्हाचा रूढ हिशेब होता. नंतर तान्ह्यांचा बाप्तिस्मा सर्रास झाला, जन्म आणि बाप्तिस्मा यांत अंतरच राहिलं नाही. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमधल्या एका घरात काही जणांनी जाणतेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ते घर होतं फेलिक्स मान्त्झचं. दोन वर्षांनी झुरिकच्या सुधारकी सरकारने त्याला लिम्मात नदीत बुडवून मारलं. पाण्याची हौस आहे ना, घे पाणी, असा तो न्याय. भाऊ हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरतो आणि तो हक्क त्याचा आहे.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे, कारण आपल्याकडे माणूस परका ठरायचा तो पाण्यात उतरल्याने कमी आणि ताटावर बसल्याने जास्त. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि मिशनच्या शाळा ओस पडल्या. पण त्याहून बोलकी गोष्ट चार वर्षांनंतरची. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागे मिशनऱ्यांकडे राहायला गेला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता प्रश्न आला की हा मुलगा ख्रिस्ती झाला की नाही? कपाळाला पाणी लागलं नव्हतं, पण तो त्यांच्यात जेवला होता, आणि तेवढ्यावर तो बाटला असं ठरवणारे पुष्कळ होते. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत जातीत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, तर मुंबईतल्या सनातन्यांचा रोष त्यांच्यावरही आला.

थोरल्या भावाचं पुढचं आयुष्य माझ्या मुद्द्याच्या जास्त जवळचं आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि जालन्याकडे गेले, तिथे मांग-महारांत काम केलं आणि त्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाचं एक गावच वसवलं. विहीर कुणाची, काम कोण देणार, पोरीचं लग्न कुठे करायचं, मढं कुठे पुरायचं, ही बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवारी उभी राहणारी यादी त्यांनी स्वतः भोगलेली होती. विधी पाच मिनिटांचा आणि त्याची जबाबदारी गावाएवढी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आमच्या वादात दोन्ही बाजूंनी येतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वेळी अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो दिला गेला. पंचविशीतली, संस्कृत शास्त्रं पचवलेली, प्रत्येक सिद्धान्तावर मठातल्या भगिनींशी पत्रांतून हुज्जत घालणारी आई, आणि तिच्या कडेवरची पोर. एक जाणती, एक अजाण. पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं गेली. म्हणजे स्वतःच्या अकलेने, पूर्ण शुद्धीत घेतलेल्या बाप्तिस्म्यातही विश्वास मागाहून पिकू शकतो. मग आधी पूर्ण विश्वास आणि मगच पाणी, हा क्रम किती ताणायचा? भाऊ म्हणतो, त्यांची घाई झाली. इतकी चिकित्सा करणाऱ्या बाईची घाई झाली असेल, तर आपल्यापैकी कुणाची वेळ बरोबर?

आणि टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. घर फुटलं, लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे राहिल्या, कित्येक वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले आणि तिचाही बाप्तिस्मा झाला. ते सगळं मराठी वाचकाला तिच्याच शब्दांत ठाऊक आहे, मी काय सांगणार. एवढंच सांगतो की तिच्या मनातली जात आधी सुटली, पाणी नंतर आलं. कमी सांगितली जाते ती टिळकांची अखेर. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचं बंधुमंडळ, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती तशी न झालेल्यांनाही! बाप्तिस्म्यासाठी ज्याने बायकोपोरांची ताटातूट सोसली, त्यानेच वीस-बावीस वर्षांनी दार असं उघडं ठेवावं, याचा आमच्या चर्चमध्ये अजून नीट विचार झालेला नाही. टिळकांना बाप्तिस्मा नकोसा झाला असं मी मानत नाही. बाप्तिस्मा म्हणजे आपली माणसं सोडून मिशनच्या आवारात राहायला जाणं, हा त्याला चिकटलेला अर्थ त्यांना नकोसा झाला होता. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

असे बाप्तिस्मा न घेतलेले लोक आजही आमच्या उपासनेला मागच्या बाकांवर असतात. काहींना घरच्यांना दुखवायचं नसतं. काहींचं कारण सरकारी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात धरली आणि तिचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख, आईवडील, साक्षीदार आणि पाळकाची सही एवढेच रकाने असतात. पण त्या ओळीवर पोराची फी आणि नोकरी लटकलेली असते. मागच्या बाकावरच्या माणसाला भित्रा म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या पगाराची चिठ्ठी बघावी. येशूशेजारच्या वधस्तंभावरल्या चोराला कुणी बाप्तिस्मा दिला होता? कर्नेल्य या रोमी शतपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला आणि पाणी मागून आलं. म्हणून पाणी ऐच्छिक आहे असं मी म्हणणार नाही. आज्ञा आहे, आणि ती येशूची आहे. पण ती शिष्यांना दिलेली आहे: जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. चारही कामं देणाऱ्याची.

भावाच्या बाप्तिस्म्याला मी गेलो होतो. राहात्याच्या बाजूला कुणाच्या तरी शेततळ्यावर होता. शेततळ्याचा काळा कागद उन्हात तापलेला आणि आत शेवाळाने बुळबुळीत, उतरायला बाभळीला बांधलेला दोर आणि तरंगायला ट्रॅक्टरची ट्यूब. पाळक ट्रॅकपँट आणि पांढऱ्या सदऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे. बायकांनी साडीला जागोजागी पिना लावलेल्या. काठावर ढोलकी चालू. एक म्हातारी होती, जन्मभर विहिरीवरून पाणी वाहिलेली, पण पाण्यात कधी उतरलेली नाही. दोर धरून खाली येताना ती एकच गोष्ट घोकत होती: "धरा बरं का मला, सोडू नका." पाळकांनी विश्वासाचे प्रश्न विचारले त्याला ती हो म्हणाली, पण नजर दंडाला धरलेल्या दोन पोरांच्या हातांवर. खाली गेली, नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत वर आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते त्या पोरांना, "धरलं बाबांनो."

माझ्या बाजूचा याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही. बुडवून घ्या नाहीतर शिंपडून, स्वतःचा बाप्तिस्मा स्वतःला देता येत नाही. आंघोळ येते, पोहता येतं, हे येत नाही. ती म्हातारी त्या क्षणी जितकी परस्वाधीन होती, तितकाच मी पाळकाच्या हातात दुपट्यात होतो. वसईच्या कॅथलिकांत याला स्नानसंस्कार म्हणतात आणि बाळाबरोबर धर्मपिता-धर्ममाता उभे असतात. त्यांच्या कायद्यात तर मूल दगावतंय असं दिसलं की दवाखान्यातली नर्ससुद्धा पाणी घालून तो देऊ शकते, तिचा स्वतःचा झालेला नसला तरी. चर्चचा हेतू मनात असला, पाणी आणि ते त्रिनामाचं वाक्य असलं की पुरे. घेणाऱ्याकडून अशा वेळी कोण काय मागणार?

म्हणून दुसऱ्यांदा पाण्यात उतरायचं मी नाकारतो. कमी पडला असेन तर मी पडलो, ज्यांनी मला हातात घेतलं त्यांचं वचन खोटं नव्हतं. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात शिंपडणारे होते तसे बुडवणारे बॅप्टिस्टही होते. वाटाघाटीत हाच प्रश्न अडून बसला होता. शेवटी दोन्ही रीती चालतील असं ठरलं. बऱ्याच जणांना ती तडजोड बुळचट वाटते. मला ती त्या जुन्या पोथीच्या चार ओळींसारखी वाटते.

मला चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. आम्ही बाप्तिस्म्याच्या वर्गात दहा आज्ञा घेतो, प्रभूची प्रार्थना घेतो, मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, पाठ करून घेतो. मग रविवारी संबंध मंडळी उभी राहून या भावाला, या बहिणीला आम्ही सांभाळू असं एका सुरात म्हणते आणि खाली बसते. पुढच्या रविवारी तो माणूस उपासनेनंतर आवारात एकटाच चप्पल शोधत असतो, आणि सगळी आडनावाआडनावांची टोळकी आपापल्या गाड्यांकडे. त्याचं घर सुटलेलं असतं, आमचं मिळालेलं नसतं. वडील-मंडळाच्या सभेत मी मागणी केली आहे की बाप्तिस्म्याच्या अर्जावर साक्षीदारांच्या सह्या असतात तिथे आणखी एक रकाना घाला: वर्षभर दर महिन्याला याला जेवायला कोण बोलावणार. खजिनदार म्हणाले, अर्ज छापून झालेत. मी म्हणालो, पेनाने लिहू.

येत्या मे महिन्यात भावाच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा आहे, त्याच शेततळ्यावर. तिने मला साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि त्यांच्या पाळकांनी, माझं कपाळापुरतं पाणी ठाऊक असूनही, हरकत घेतली नाही. मी भावाला कळवलं की आदल्या दिवशी उपास करून येणार, तेव्हा सकाळचा चहासुद्धा ठेवू नका.

"तुला कशाला उपास? बाप्तिस्मा तिचा आहे," तो म्हणाला.

मी त्याला दिदाखेचं सातवं प्रकरण वाचून दाखवलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, वाहत्या पाण्याच्या ओळीला मान डोलावली, ओतण्याच्या ओळीला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे, मीही धरतो. पण संध्याकाळी लगेच निघू नकोस दादा, बोकड सांगितलाय."